अण्णांची खोली

माले, ता. मुळशी
२ डिसेंबर २०२४

ती. अण्णा,

नमस्कार. तुमचे चिरंजीव जर्मनीला पोचले. पोचल्यावर पहिला प्रश्न काय, तर "जोत्याचं काम झालं का?" बायको कशी आहे ते दुसऱ्या दिवशी आठवलं. तुम्हालाही त्यानं फोन केला म्हणे, आणि तो "पोचलो" म्हणतोय तर तुम्ही "कोणती गाडी चुकली" म्हणून विचारत होता. तुमच्या कानांना मी दोष देत नाही. जन्मभर औशाच्या एसटी स्टँडवर भोंग्याखाली बसून गाड्या सोडल्यात, आणखी काय होणार? म्हणून मी, तुमची सून, फोन न करता पत्रंच लिहिणार. आमचे कंत्राटदार चाँदभाई रोज पौडहून येतात, पोस्टात टाकायचं काम त्यांच्याकडे.

नोकरीतून मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे आणि इथं सारजाबाई नावाच्या मावशींच्या घरात एक खोली घेतली आहे. आपली जागा गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत. खाली भाताची खाचरं कापून रिकामी झालीत आणि त्यांच्यापलीकडे धरणाचं पाणी दिसतं. बांधकामाला हेच दिवस. पावसाळ्यात इथं छत्रीसुद्धा उभी राहत नाही आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब. होळीच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे, असं चाँदभाई बजावतात. सारजाबाई मात्र रोज एकदा विचारतात, "येवढ्या वर कशाला घर बांधताय वो? खाली गाव काय वंगाळ हाय?"

आता खरी बातमी. बाकीचं घर विटांचं आहे, पण एक खोली काळ्या दगडाची. मागच्या बाजूला डोंगर कापून तिच्यासाठी जागा केली आहे. ती तुमची. शैलेश म्हणाला, अण्णा अजून आमच्या जुन्या दगडी घराची आठवण काढतात, त्यांना तसलीच खोली देऊ. गेल्या हिवाळ्यात खोकल्यानं तुम्ही दवाखान्यात पडलात तेव्हापासून त्यानं हे मनावर घेतलंय. हे घर निम्म्याहून जास्त तुम्ही आमच्याकडे कायमचं यावं म्हणूनच चाललंय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. संक्रांतीला या आणि भिंती बघा.

एक गुपित. संध्याकाळी मजूर गेले की डोंगर फार जवळ आल्यासारखा वाटतो आणि मला भीती वाटते. शैलेशला सांगू नका, तो लगेच "मी म्हटलं होतं" सुरू करेल.

तुमची
जुईली


औसा
८ डिसेंबर

चि. जुईलीस नरहरीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पोरी, तू एकटी बाईमाणूस तिथं डोंगरात उभी राहून घर बांधून घेतेस याचं मला कौतुक आहे. शैलेशला त्याच्या आईचं रूप मिळालं आणि हट्टही तिचाच मिळाला, त्याला इलाज नाही.

पण खोलीचं काही ऐक. दगड फार थंड असतो. म्हाताऱ्या हाडांना वीट बरी. वीटही कशाला, पुढच्या अंगणात चार खांब आणि वर पत्रा टाकलास तरी माझं उत्तम भागेल. मला रस्ता दिसला पाहिजे. जन्म गेला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघण्यात, मागच्या खोलीत डोंगराकडे तोंड करून मी काय करू? आणि भिंत दगडाचीच करणार असाल तर किती रुंद आहे, आत माती भरतात की सिमेंट, वर जड काही ठेवणार का, ते सविस्तर कळव. चाँदभाईंना माझं नाव सांगून विचार.

खोकला यंदा अजिबात नाही. मी घरात नीट पांघरून झोपतो, काळजी नसावी.

आणखी एक. उशाशी एक फुलपात्र उपडं घालून त्यावर रिकामा तांब्या ठेवत जा, जेमतेम तोल राहील असा. आमच्या भागात सगळे ठेवतात. तांब्या पडला की उठायचं आणि उघड्यावर पळायचं, चप्पल शोधत बसायचं नाही. हसू नको. म्हाताऱ्याचा एवढा शब्द राख.

अण्णा


माले
१७ डिसेंबर

ती. अण्णा,

तुमचं पत्र वाचून आधी मी खट्टू झाले. आम्ही हौसेनं दगडी खोली करावी आणि तुम्ही पत्र्याची शेड मागावी? शैलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "अण्णांची काटकसर गं ती, लक्ष देऊ नकोस." म्हणून लक्ष दिलं नाही. मात्र तांब्या ठेवला. सारजाबाई म्हणाल्या, "ह्यो कुटला नवा देव?"

अण्णा, तांब्या पडला.

पहिल्या दिवशी वाटलं मांजर असेल. मी पुन्हा ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आणि सारजाबाई चुलीपुढे बसून भाकरी खात होतो, दार लावलेलं, मांजर माझ्या मांडीवर. आणि आतल्या खोलीत तांब्या खणकन खाली. परवाही पडला. काल तर मी मुद्दाम समोर बसून बघत राहिले. तो आधी थरथरला. मग कलंडला. माझ्या पायाखालची जमीन हलली की माझेच पाय कापत होते, मला सांगता येणार नाही.

चाँदभाईंना सांगितलं. ते हसले, "ताई, हितं कुटला भूकंप? तुमी शेरातली मानसं, थंडीनं पाय कापत्यात." पण मग ते आपल्या कामावरच्या टाकीकडे गेले आणि पाण्याकडे टक लावून उभे राहिले. का ते विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई." तेव्हापासून मी फार घाबरले आहे. दिवस मावळायला लागला की मी तांब्याकडेच बघत बसते. जेवण जात नाही. इथं रेंज आहे ती फक्त वरच्या आंब्याखाली, आणि त्या वेळी वर जायचं माझ्यात बळ नाही.

तुम्हाला ह्यातलं काही माहीत आहे म्हणूनच तुम्ही तांब्या ठेवायला सांगितलात ना? मला खरं सांगा. तुम्हाला कशाची भीती वाटते?

जुईली


औसा
२१ डिसेंबर

चि. जुईली,

हे पत्र मिळेल त्या क्षणापासून छताखाली झोपायचं नाही. तू नाही, त्या सारजाबाई नाहीत, कामावरचं कोणी नाही. खळ्यावर, शेतात, रस्त्यावर, कुठंही, पण उघड्यावर. थंडीनं माणूस आजारी पडतं, मरत नाही. लोक हसतील, हसू दे.

तुला विचारायचा हक्क आहे म्हणून सांगतो. आमचं गाव किल्लारीच्या बाजूला. त्या भूकंपाचं तू ऐकलं असशील, पण माझ्याकडून कुणीच ऐकलेलं नाही, शैलेशनंही नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. शैलेश चार वर्षांचा, मिरवणुकीत नाचून दमला आणि अंगणातल्या बाजेवरच झोपला. त्याला उचलून आत न्यायचा मला कंटाळा आला, म्हणून मी तिथंच त्याच्याजवळ आडवा झालो. शारदा आत झोपली. पहाटे जमीन हलली आणि आमचं दगडी घर, हातभर रुंदीच्या भिंतींचं, वर मातीचं माळवद, सगळं आत बसलं. मी हातांनी दगड काढले. ती आतून काही वेळ बोलत होती. मग बोलायची थांबली.

पुढे सरकारनं पक्कं घर दिलं. त्यात मी ज्वारी आणि जुन्या खुर्च्या ठेवतो. झोपतो बाहेर, बाजेवर. उन्हाळा, हिवाळा, पावसात पत्र्याखाली. घरात झोपतो असं तुला लिहिलं ते खोटं होतं, खोकलाही त्यापायीच येतो. जुन्या घराची मी आठवण काढतो ती आवडीनं काढत नाही. शैलेशला ते कळलं नाही, कारण त्याला मी कधी कळू दिलं नाही.

मी भितो, पोरी. चांगला मोठा माणूस आहे आणि भिंतीला भितो. आता तू घराबाहेर पड आणि मला उलट टपाली कळव.

अण्णा


माले
२८ डिसेंबर

ती. अण्णा,

तुमचं पत्र मी खळ्यावर उभ्यानं वाचलं आणि तिथंच खाली बसले. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मला एवढंच माहीत होतं की आई "भूकंपात गेल्या". तुम्ही आलात की तुमच्याजवळ बसेन, तेव्हा बोलू.

तुमचा हुकूम मात्र पाळला. सारजाबाई आधी नाही म्हणाल्या, पण माझा चेहरा बघून गोधड्या घेऊन निघाल्या. आम्ही खळ्यावर पेंढ्यात झोपलो. मजुरांनाही बाहेर काढलं. अर्धा गाव बघायला आला. एक आजोबा म्हणाले, "नवं घर बांधाया आली आन् जुनंबी सोडलं बयेनं." थंडी म्हणजे काय थंडी, सकाळी गोधडी दवानं ओली. पण मला तिथं झोप लागली, हे खरं.

आणि आता ऐका, घाबरायचं कारण संपलं. भूकंप नव्हता. मी चाँदभाईंना धरून बसले, तेव्हा ते एका संध्याकाळी मला आपल्या जागेच्या वर, डोंगराच्या सोंडेपलीकडे घेऊन गेले. तिथं कुणाचा तरी बंगल्यांसाठी रस्ता चाललाय. कुणाचा ते कुणीच सांगत नाही. पौडची कचेरी बंद झाली की हे लोक सुरुंग लावतात, म्हणजे तक्रार करायला कोणी सापडू नये. आमच्या डोळ्यांदेखत लावला. जमीन हलली, धुरळा उठला आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. चाँदभाईंना वाटलं मला काही झालं. अण्णा, एवढे दिवस मी सुरुंगाला भूकंप समजून पेंढ्यात झोपत होते. दुसऱ्या दिवशी चाँदभाईंनी त्यांच्या मुकादमाला गाठून भांडण काढलं, आता दोन दिवस शांत आहे.

त्यामुळे आम्ही पुन्हा घरात. काम जोरात. तुमच्या खोलीच्या भिंती दगडाच्याच, पण आत सिमेंट भरलेल्या, कोपऱ्याकोपऱ्याला सळ्यांचे खांब, हे चाँदभाईंनी तुम्हाला खास कळवायला सांगितलं आहे. "आजोबास्नी सांगा, हत्ती टेकला तरी हलायची न्हाई." आणखी एक गंमत. खोलीमागं डोंगर कापलाय ना, त्यातून पाणी पाझरायला लागलं. ऐन हिवाळ्यात, आजूबाजूचे ओढे आटत असताना! सारजाबाईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं, म्हणाल्या, पाणी आपून आलंय, घराला पावलं. चाँदभाई त्याला पाइप लावून तेच भिंतींवर मारतात. टँकरची कटकट वाचली.

आता सांगा, संक्रांतीला येणार ना? तुम्हाला खोली नकोच असेल तर मी शैलेशला समजावेन. पण एकदा बघा.

जुईली


औसा
३ जानेवारी २०२५

चि. जुईली,

तुझं पत्र येईपर्यंत मी स्टँडवर जाऊन बसत होतो. पोस्टमन तिकडूनच येतो. पत्र वाचलं आणि कंट्रोलरच्या खिडकीशी उभा राहून सगळ्यांना पेढे वाटले. का ते कुणाला सांगितलं नाही. नातू झाला असं समजून लोकांनी खाल्ले.

भूकंप नाही म्हणजे काही नाही. डोंगर काय, तो रामाच्या काळापासून तिथं उभा आहे, त्याला कोण हलवतो? कोपऱ्यात सळ्यांचे खांब आहेत हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या वेळी ते असते तर, असं मनात आलं, पण ते जाऊ दे. पाणी लागलं हेही शुभ झालं. आमच्याकडे पाण्यासाठी जमीन चाळणीसारखी भोकं पाडून ठेवली तरी ओल लागत नाही, आणि तुझ्याकडे न बोलावता आलं.

मी ठरवलं आहे. तुम्ही पोरांनी एवढ्या मायेनं खोली बांधली, तिच्याजागी पत्र्याची शेड मागणं बरं नव्हे. मी येतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघतो. झोप लागेल असं वचन देत नाही, पण पाठ टेकून बघेन. बाज आणायची का, की तिथं आहे? खोलीत कुठं बसते ते मोजून ठेव.

भीती अजून आहे. पण तुझ्या पत्रानं ती जरा सरकून बसली.

अण्णा


माले
९ जानेवारी

ती. अण्णा,

नमस्कार. आत्ता येऊ नका. काम थोडं रेंगाळलं आहे. सोयीचं होणार नाही. नंतर कळवते. मी बरी आहे.

जुईली


औसा
१३ जानेवारी

चि. जुईली,

माझी पिशवी भरलेली आहे. तिळाचे लाडू वर आहेत. तुझं पत्र परवा आलं.

त्यात एकही थट्टा नाही. माझ्या कानांवर काही नाही, शैलेशवर काही नाही. अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं, ओळी खाली घसरलेल्या. "काम रेंगाळलं" म्हणतेस. पोरी, घाटात गाडी उलटली की स्टँडवर भोंग्यावरून आम्ही "गाडीला थोडा उशीर आहे" असंच सांगायचो. मी जन्मभर ते वाक्य बोललो आहे, मला ते शिकवू नको.

शैलेशला शेजारच्या पोराकडून फोन लावला. तो म्हणतो, किरकोळ लागलंय म्हणाली. काय लागलं? कुठं? काय झालं तिथं?

मला खरं लिही. मी तुला लिहिलं होतं.

अण्णा


माले
२३ जानेवारी

ती. अण्णा,

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्यानं रोज थोडं थोडं लिहिते आहे. चुकलंमाकलं समजून घ्या.

आठ तारखेला दुपारी जेवणाची सुट्टी झाली होती. मजूर खाली झाडाखाली होते. मी टेप घेऊन तुमच्या खोलीत गेले. तुम्ही बाज कुठं बसते ते मोजायला सांगितलं होतं ना. म्हणून तुम्हाला इतके दिवस लिहिलं नाही. तुम्ही ते स्वतःला लावून घ्याल अशी मला भीती होती. लावून घेऊ नका. मी तशीही गेलेच असते.

आधी बारीक खडे घरंगळल्याचा आवाज आला, कोणीतरी तांदूळ पाखडावा तसा. मी वर बघितलं. मागची भिंत तशीच उभी होती, आणि तिच्यावरून चिखल आत उतरत होता, अगदी सावकाश. मला वाटलं पाइप फुटला. मी "चाँदभाई, पाणी बंद करा" असं ओरडले सुद्धा. मग भिंतीचं पोट पुढं आलं. पुढचं मला नीट आठवत नाही. अंधार झाला आणि छातीपर्यंत गार चिखल होता. हात दगडाखाली. तोंडात माती. श्वास अर्धाच घेता येत होता.

मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, अण्णा. सारजाबाई माझ्या नावानं हाका मारत होत्या. चाँदभाई ओरडत होते, मशीन लावू नका, वरचं अजून खाली येईल, हातानं काढा. मी ओ देत होते आणि ते कुणाला ऐकू जात नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मी आईंचा विचार करत होते. त्या आतून बोलत होत्या असं तुम्ही लिहिलं होतं. मग मी ओ द्यायचं थांबवलं, कारण मला वाटलं, थांबले की संपतं आणि निदान भीती तरी जाईल. तेवढ्यात वरून उजेड आला आणि चाँदभाईंचा हात. त्यांची नखं उलटली होती.

डोंगर रामाच्या काळचा असला तरी आम्ही त्याचा पाय कापला आणि वरून त्या लोकांनी सुरुंग लावून त्याला खिळखिळा केला. ते पाणी आपून आलेलं नव्हतं, आतला झरा फुटला होता. आम्ही त्याला हळदकुंकू वाहत बसलो. चाँदभाई रोज येतात, ओट्यावर बसतात आणि म्हणतात, "ताई, मला कळाया पायजे व्हतं." मी त्यांना म्हणते, मलाही. आपण सगळेच भूकंप नाही म्हणून खूश होतो. वरच्या लोकांवर त्यांनी पौडला तक्रार दिली आहे. सुरुंग थांबलेत.

हात जुळेल. पायाला फक्त मुका मार आहे. पण मी घरात जाऊ शकत नाही. पौडच्या दवाखान्यात मी इतकी ओरडले की त्यांनी माझी खाट व्हरांड्यात आणली. इथं आल्यापासून मी खळ्यावर आहे. सारजाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, गावातल्या जाणत्याला आणलं. कशानं काही नाही. अंघोळीला न्हाणीत शिरले की भिंती पुढं येतात, मी ओल्या अंगानं बाहेर पळते. सारजाबाई रोज रात्री पेंढ्यात माझ्याशेजारी झोपतात. सत्तरी उलटलेली बाई, रोज खोकते, आणि मी त्यांना "आत जा" म्हणायचं धाडस करत नाही, कारण त्या गेल्या तर मी एकटी राहीन. मी इतकी स्वार्थी झाले आहे.

शैलेशला हे सांगितलेलं नाही. तो पुढच्या महिन्यात येईल, त्याला एवढंच माहीत आहे की मागची भिंत पडली. तो आला की मी त्याला काय सांगू? की आपण आता कुठल्याच घरात राहायचं नाही?

तुम्हाला हे किती दिवस राहिलं अण्णा, असं विचारणार होते. मग आठवलं, ते अजून आहे.

तुमची
जुईली


औसा
२८ जानेवारी

चि. जुईली,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आज मंगळवार. मधले दिवस मी काय केलं ते सांगतो, मग बाकीचं.

आधी बाज मोजायचं. ते मी लावून घेतलं, तू नको म्हणालीस तरी. दिवसभर लावून घेतलं, रडलो, मग पुरे केलं. कारण तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे आणि तिला उत्तर द्यायचं आहे.

ते अजून आहे, खरं. ते का आहे ते ऐक. मी बाहेर झोपलो, त्या वेळी सगळा गाव बाहेर झोपत होता. मग एकेक घर आत गेलं. दोन-चार वर्षांत सगळे गेले. मीच राहिलो, आणि लोक म्हणाले, नरहरीला सवय झाली, झोपू द्या. कुणी हात धरून आत नेलं नाही. मीही कुणाला धरू दिला नाही. शैलेश लहान होता, दर हिवाळ्यात त्याची छाती भरायची. डॉक्टर म्हणाले, पोराला छताखाली झोपवा. मला ते जमेना. म्हणून त्याला लातूरच्या वसतिगृहात ठेवलं. त्याला वाटतं शिक्षणासाठी ठेवलं. बापाजवळ झोपायचं वय होतं त्याचं. भीतीनं माझं काय काय नेलं ते मी कधी मोजलं नव्हतं, तुझं पत्र वाचून मोजलं.

तू अजून वीसच दिवस बाहेर आहेस. तुझं वर्ष होऊ देणार नाही.

शनिवारी रात्री मी ज्वारीची पोती सरकवली आणि त्या सरकारी घरात सतरंजी टाकली. आडवा झालो आणि उठून बाहेर आलो. छाती अशी उडत होती की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पुन्हा आत गेलो. पुन्हा बाहेर. रविवारीही तेच. काल मात्र आत राहिलो. झोपलो म्हणत नाही. डोळे छताला लावून पडून होतो, शारदाशी बोलत होतो, घामानं सदरा भिजला. पण दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा मी आतून ओ दिली. तो दारात थबकून बघत राहिला.

शैलेशला मी सगळं लिहून पाठवलं आहे, शेजारच्या पोरानं त्याच्या फोनवर टाकलं. आधी माझ्यावर रागाव, मग त्याच्याशी बोल. तो आता पुढच्या महिन्याची वाट बघणार नाही. घराचं काय करायचं ते तुम्ही दोघं आणि चाँदभाई मिळून ठरवा. खाली गावात जागा मिळाली तर सारजाबाईंचं म्हणणं मला पटतं. मला कुठलीही खोली चालेल. चाँदभाईंना माझा नमस्कार सांग. ज्या माणसानं नखं उलटेपर्यंत दगड काढले त्याच्यापुढं मी काय बोलू? मीही काढले होते. त्यांना यश आलं.

मी परवा सकाळच्या गाडीनं निघतो, हे पत्र आणि मी बहुधा बरोबरच पोचू. आता येऊ नका असं लिहिलंस तरी उपयोग नाही, माझं तिकीट काढून झालं आहे. तुला ओढत आत नेणार नाही. आपण दोघं सारजाबाईंच्या उंबऱ्यावर बसू, चहा पिऊ. तुला बाहेर यावंसं वाटलं तर येऊ, मीही तुझ्याबरोबर येईन, आणि मग परत आत जाऊ. मला लाज नाही, तुलाही नको. सारजाबाईंना म्हणावं, आज आपल्या अंथरुणात झोपा, पोरीजवळ मी आहे.

आतल्या खोलीत दोन अंथरुणं घालायला सांग. भिंतीकडचं माझं.

अण्णा